टायटॅनियम गंजत नाही, हे वाक्य खोडा

सगळे अहवाल वाचून झालेत. टेबलावर गठ्ठा दिसतोय ना? कोणी उठून आपला अहवाल घ्यायला यायचं नाही. एकालाही मी अजून गुण दिलेले नाहीत. विषय साधा होता: समुद्र, तेलविहिरी आणि रासायनिक कारखाने यांच्यासाठी टायटॅनियमचं फोर्जिंग. तुमच्यापैकी कोणी भोसरीत, कोणी चाकणला, कोणी अंबरनाथला भट्टीशेजारी उभं राहून आलंय. आणि तरी पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच. "टायटॅनियम गंजत नाही, म्हणून ते सागरी व रासायनिक उद्योगांत वापरले जाते." एकमेकांचं बघून लिहिलं असतंत तर मी दोन शब्द बोलून विषय संपवला असता. पण तुम्ही ते आपापल्या घरी बसून, स्वतंत्रपणे लिहिलंय. मला काळजी वाटते ती त्याची.

वाक्य खोटं नाही. ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत नाही याचीही तुम्हाला कल्पना नाही. परीक्षेत अर्ध्या वाक्याला अर्धे गुण मिळतात. कारखान्यात अर्ध्या वाक्यावर माल डिस्पॅच होतो, पाइपलाइनला बोल्टनं आवळला जातो आणि त्याच्याखालून कोणीतरी रोज ये-जा करतो.

आधी तुमचीच उदाहरणं घेऊ. निम्म्या अहवालांच्या मुखपृष्ठावर 'मत्स्य ६०००'चं चित्र आहे. छान आहे, रंगीत आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं ते पाणबुडं तिघांना घेऊन ६,००० मीटर खोल जायचं आहे. माणसं बसणार तो गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, आतला व्यास २.१ मीटर, भिंतीची जाडी ८० मिलिमीटर. इथपर्यंत सगळ्यांनी बरोबर उतरवलंय. मग कारण काय लिहिलंत? "समुद्राच्या पाण्यात गंज चढत नाही." अरे, ६,००० मीटरवर पाण्याचा दाब सुमारे ६०० बार असतो. वरचं जग आणि आतली तीन माणसं यांच्यामध्ये ती ८० मिलिमीटरची भिंत आहे. नुसता गंजच टाळायचा असता तर पोलादाला रंग दिला असता, दर फेरीनंतर पुसून ठेवलं असतं. टायटॅनियम घेतलं ते वजनासाठी. पोलादाची घनता ७.८५, याची ४.५ च्या आसपास. तेवढीच ताकद जवळजवळ निम्म्या वजनात मिळते, म्हणून गोळा खाली जाऊन पुन्हा वर येऊ शकतो. पाणबुड्याच्या बाबतीत वर येणं हा भाग महत्त्वाचा असतो, हे मी सांगायला हवं का?

दुसरं आवडतं उदाहरण नॉर्वेचं. हाइड्रन तेलक्षेत्र, नॉर्वेजियन समुद्र, १९९५ साली उत्पादन सुरू, आणि तिथला टायटॅनियमचा ड्रिलिंग रायझर. तिथेही कारण म्हणून तेच वाक्य. रायझर म्हणजे समुद्रतळावरच्या विहिरीपासून वरच्या तरंगत्या प्लॅटफॉर्मपर्यंत येणारा उभा पाइप. वरचा प्लॅटफॉर्म लाटांबरोबर सरकतो, खालची विहीर जागची हलत नाही. मधला पाइप दिवसरात्र वाकतो आणि सरळ होतो. टायटॅनियमचा लवचिकतेचा गुणांक पोलादाच्या साधारण निम्मा आहे. म्हणजे तेवढंच वाकवलं तर आतला ताण निम्मा येतो. रायझरच्या बुडाशी जो निमुळता जोड बसवतात, खाली जाड आणि वर जाताना बारीक होत गेलेला, तो टायटॅनियमचा करतात तो याच कारणासाठी. पोलादाचा केला तर तो कितीतरी लांब करावा लागतो. ताणाचा आलेख काढायला तुम्हाला दुसऱ्या वर्षात शिकवलंय. टायटॅनियमचं नाव दिसल्याबरोबर तो आलेख तुम्ही गुंडाळून माळ्यावर टाकलात.

एकानं सोव्हिएत पाणबुडी 'कोम्सोमोलेट्स'चा फोटो चिकटवलाय, खाली "टायटॅनियमची अभेद्य पाणबुडी" असं लिहून. ती अभेद्य पाणबुडी ७ एप्रिल १९८९ रोजी आगीनं बुडाली. ६९ पैकी ४२ जण गेले. टायटॅनियमच्या कवचात काही दोष नव्हता. आतली आग कवचाचं ऐकत नाही, एवढंच. असं विशेषण वापरायची हौस असेल तर बातमी शेवटपर्यंत वाचत जा.

आता रासायनिक कारखाना. तिथे गंज हेच कारण आहे, म्हणजे तुमचं लाडकं वाक्य तिथे तरी लागू पडायला हवं. पडतं का, बघू.

टायटॅनियम मुळात शांत धातू नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन, जे समोर येईल त्याला ते धरतं. म्हणून तर क्रोलच्या पद्धतीत स्पंज तयार करताना आर्गॉन लागतो आणि इनगॉट वितळवायला निर्वात भट्टी. हवेत मात्र ते क्षणात स्वतःवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवतं. मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक, एवढी त्याची जाडी. समुद्र अडवतो तो हा पापुद्रा, खालचा धातू नव्हे. ओरखडा पडला तर पापुद्रा पुन्हा धरतो, पण त्यासाठी आजूबाजूला पाणी किंवा ऑक्सिजन हवा. "हवा" हा शब्द अधोरेखित करा. पुढचं सगळं त्या एका अटीवर उभं आहे.

एका अहवालात, नाव घेत नाही, ज्याचा आहे त्याला कळतंय, कॉस्टिक-क्लोरीनच्या कारखान्याचा आराखडा काढलाय आणि क्लोरीनच्या अख्ख्या लाइनला ग्रेड २ चे फोर्ज्ड फ्लँज सुचवलेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर लिहिलंय, "एकसारखेपणासाठी." तर नीट ऐका. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की सेलमधून क्लोरीन निघतो तो गरम आणि पाण्याच्या वाफेनं भरलेला. या ओल्या क्लोरीनपुढे लोखंड टिकत नाही, स्टेनलेससुद्धा नाही. टायटॅनियम टिकतं. सेलचा ॲनोडच मुळी टायटॅनियमचा असतो, वर रुथेनियम ऑक्साइडचा थर. पुढे कूलर टायटॅनियमचा, पाइप टायटॅनियमचे, फ्लँज टायटॅनियमचे. इथवर शाबास. मग तो वायू गंधकाम्लाच्या टॉवरमधून जातो आणि कोरडा होऊन बाहेर पडतो. त्या टॉवरच्या पलीकडे साधं कार्बन स्टील चालतं, स्वस्तातलं, रोजचं. आणि तिथेच तुझं टायटॅनियम पेट घेतं. मी गंज म्हटलेलं नाही, पेट म्हटलंय. वायूतलं पाणी साधारण एक टक्क्याखाली गेलं की पापुद्रा स्वतःला सांधू शकत नाही. कुठेतरी ओरखडा पडतो, क्लोरीन उघड्या धातूला भिडतो, उष्णता निघते, धातूचा टेट्राक्लोराइड होतो. तो १३६ अंशांना उकळतो, म्हणजे त्या उष्णतेत वायू होऊन उडून जातो, आणि खाली पुन्हा नवा उघडा धातू. हे थांबत नाही. खनिजातून टायटॅनियम काढताना मुद्दाम हेच करतात, क्लोरीन लावून टेट्राक्लोराइड करतात. केरळात चवऱ्याला हेच चालतं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही तेच खनिज आहे, इल्मेनाइट. जी क्रिया खनिजाला फोडते ती तू पाइपलाइनमध्ये बसवून ठेवलीस, आणि कारण दिलंस एकसारखेपणाचं.

मिथेनॉल घ्या. निरुपद्रवी वाटतं, प्रयोगशाळेत भांडी धुवायला वापरता. १९६६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अपोलो यानाच्या सर्व्हिस मॉड्यूलची इंधनाची टाकी दाबाच्या चाचणीत फुटली. टाकी टायटॅनियमची, ग्रेड ५ च्या घराण्यातली. खरं इंधन विषारी म्हणून चाचणीपुरतं सुरक्षित द्रव भरलं होतं. ते सुरक्षित द्रव म्हणजे मिथेनॉल. पाणी नसलेल्या मिथेनॉलमध्ये ताणाखालचं टायटॅनियम तडकतं. थोडं पाणी मिसळलं की तडकत नाही. पुन्हा तीच अट. तुमच्यापैकी एकाच्याही अहवालात "द्रवात पाणी किती?" हा प्रश्न नाही.

हायड्रोफ्लोरिक आणि फ्लोराइडबद्दल वेगळं बोलत नाही. ते टायटॅनियमला खातं हे पहिल्या सत्रात झालंय. गरम हायड्रोक्लोरिकही खातं.

ग्रेड निवडीकडे येते. बहुतेकांनी ग्रेड ५ लिहिलाय, कारण तक्त्यात त्याची ताकद सगळ्यात जास्त दिसली. ग्रेड २ ची किमान ३४५ मेगापास्कल, ग्रेड ५ ची ८९५. मोठा आकडा दिसला की बोट तिथेच जातं. पण रासायनिक कारखान्यातल्या फ्लँजला ८९५ ची गरज कुठे आहे? दाब पाच-दहा बार आणि तुम्ही विमानाचं मटेरियल मागवताय. नाकापेक्षा मोती जड. शिवाय समुद्राच्या पाण्यात, जिथे आधीच बारीक खाच किंवा तडा आहे तिथे, साधा ग्रेड ५ तडकत जाऊ शकतो. म्हणून खोल समुद्रातल्या ताणाखालच्या कामाला त्याचा कमी ऑक्सिजनचा भाऊ घेतात, ग्रेड २३. त्यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या आत असतो, ग्रेड ५ ला ०.२० पर्यंत चालतो. ताकद थोडी कमी होते, चिवटपणा वाढतो. हा सौदा समजून करायचा असतो.

आणि फ्लँज म्हणजे फट घेऊनच जन्माला आलेला जॉब. गॅस्केटखाली पाणी अडकून बसतं. आतला ऑक्सिजन संपतो, नवा येत नाही, क्लोराइड साठतं, आम्लता वाढते. समुद्राचं पाणी साधारण ७०-८० अंशांच्या पुढे गेलं की ग्रेड २ मध्येही फटीतला गंज सुरू होऊ शकतो. बाहेरून फ्लँज चकचकीत, गॅस्केट काढलं की खाली खड्डे. त्यावर उपाय साठ वर्षांहून जुना आहे. १९५९ मध्ये स्टर्न आणि विसेनबर्ग यांनी दाखवलं की किंचित पॅलेडियम घातलं की टायटॅनियमचा गंज कितीतरी कमी होतो. आज त्याला ग्रेड ७ म्हणतात, पॅलेडियम ०.१२ ते ०.२५ टक्के. महाग आहे, कबूल. मग ग्रेड १२ आहे, त्यात थोडं मॉलिब्डेनम आणि निकेल. तुम्ही यातलं एकही नाव घेतलेलं नाही. गिरगाव, सी. पी. टँक भागातला धातूंचा दुकानदारसुद्धा फोनवर आधी विचारतो, "साहेब, ग्रेड टू की ग्रेड सेव्हन?" मेटलर्जी शिकणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारायचा नाही?

आता भट्टी. इथे मी खरी चिडले, कारण इथे तुम्ही फक्त लिहिलं नाही, प्रत्यक्ष केलंय.

एकीनं लिहिलंय, "ज्वाला थोडी पिवळी ठेवली की स्केल कमी येते, ही युक्ती उस्तादांकडून शिकले." उस्ताद पोलादाचे होते. पोलादाला ती युक्ती ठीक आहे. टायटॅनियमला पिवळी ज्वाला म्हणजे हायड्रोजनचा रतीब. इंधन पुरतं जळालं नाही की भट्टीत हायड्रोजन राहतो आणि गरम टायटॅनियम तो पिऊन घेतं. ग्रेड २ मध्ये हायड्रोजनची मर्यादा ०.०१५ टक्के आहे. त्याच्या पुढे गेलं की थंड झाल्यावर आत हायड्राइडच्या सुया तयार होतात आणि धातू ठिसूळ होतो. डोळ्यांना काही दिसत नाही, जॉब मात्र सुंदर, कमी स्केलचा. म्हणून टायटॅनियमच्या भट्टीत हवा किंचित जास्त ठेवतात, स्केल वाढली तरी चालेल म्हणून. ऑक्सिजन वरून खातो, हायड्रोजन आत घुसतो. ऑक्सिजननं केलेलं नुकसान, तो पृष्ठभागावरचा कडक ठिसूळ थर, लेथवर किंवा आम्लात काढता येतो. हायड्रोजन काढायला जॉब पुन्हा निर्वात भट्टीत न्यावा लागतो. त्या कारखान्यात तशी भट्टी होती का? नव्हती. मग ते फ्लँज कुठे गेले?

दुसऱ्यानं लिहिलंय, "पोलादाचा जॉब संपल्यावर त्याच भट्टीत टायटॅनियम टाकले, तापमान सुमारे १,२०० अंश होते." हे वाक्य मी दोनदा वाचलं. शुद्ध टायटॅनियमची आतली रचना ८८२ अंशांना बदलते, ग्रेड ५ ची साधारण ९९५ ला. ग्रेड ५ चं फोर्जिंग त्या रेषेच्या खाली करतात, ९००च्या वर आणि रेषेपासून जरा अंतर राखून. १,२०० ला धान्यासारखे मोठाले कण वाढतात आणि ते नंतर कुठल्याही उष्मोपचारानं बारीक होत नाहीत. पुन्हा घडवावं लागतं. तुम्ही तापमान रंग बघून ठरवलंत, असंही पुढे आहे. थर्मोकपल भिंतीवर लटकत होतं, असंही आहे! हे अभिमानानं लिहिलंय की कबुली म्हणून, ते मला कळलेलं नाही.

आणि त्याच भट्टीच्या तळाशी पोलादाची स्केल पडलेली होती. साफ केली का? नाही. गरम टायटॅनियम लोखंडाच्या ऑक्साइडवर ठेवलं की ते त्यातला ऑक्सिजन ओढायला लागतं, आणि ती क्रिया थंडपणानं होत नाही. रेल्वेचे रूळ थर्माइटनं जोडताना तुम्ही पाहिलंय. भट्टीचा तळ खरवडून झाडल्याशिवाय, वर स्वच्छ प्लेट टाकल्याशिवाय टायटॅनियम आत जात नाही. हा नियम फलकावर होता. तुमच्यापैकी एकानं त्या फलकाचा फोटोही लावलाय.

हातोड्याबद्दल फार नाही बोलत, पण एक बघा. ग्रेड ५ ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाएवढी आहे. थंड डायवर ठेवला की कातडी गारठते आणि चिरते, आतला गाभा तसाच तापलेला राहतो. मग घाई करून पटापट घाव घातले की त्या घावांचीच उष्णता आत अडकते आणि गाभा ९९५ ची रेषा ओलांडतो. बाहेरच्या पायरोमीटरवर ९४० दिसत असतं. म्हणून डाय तापवून घेतात, म्हणून काचेचा लेप देतात, म्हणून घाव मोजून घालतात आणि मध्ये पुन्हा भट्टीत ठेवतात. "उत्पादनाचा वेग वाढवण्यास वाव आहे" हा तुमचा निष्कर्ष त्या अहवालातून मी पेन्सिलीनं नव्हे, पेनानं खोडलाय.

फोर्जिंग झाल्यावरचं तुमचं फिनिशिंग. ज्या ग्राइंडरनं साध्या पोलादाचे ब्रॅकेट घासले त्याच चाकानं टायटॅनियमचा फ्लँज घासला. चाकातलं लोखंड पृष्ठभागात रुतून बसलं. गरम खाऱ्या पाण्यात ते लोखंड आधी गंजतं आणि त्या जागी हायड्रोजनला आत शिरायला दार मिळतं. तपासायला फेरॉक्सिलची चाचणी आहे, लोखंड असेल तिथे निळे ठिपके उमटतात. पाच मिनिटांचं काम. केलं का कोणी? शिवाय उष्मोपचारापूर्वी जॉब उघड्या हातांनी उचलताना काढलेला फोटो आहे. घामात मीठ असतं. मिठाचा ठसा घेऊन ग्रेड ५ भट्टीत गेलं की त्या ठशावर तडा जाऊ शकतो. पांढरे सुती हातमोजे दिले होते ते कोणाच्या तरी बाइकच्या हँडलवर दिसतायत.

आम्लात धुण्याबद्दलही तेच. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण, पण नायट्रिक साधारण दहापट. नायट्रिक वाचवायला गेलात की धुता धुता हायड्रोजन भरला. एवढं पुरे.

शेजाऱ्याचा विचार कोणीच केलेला नाही. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरमध्ये जुन्या पितळी नळ्या काढून टायटॅनियमच्या बसवल्या, नळ्यांची भोकाची प्लेट मात्र जुनी पितळी मिश्रधातूचीच ठेवली. टायटॅनियमला काही झालं नाही. प्लेट झिजली. जगभरात अनेक वीजकेंद्रांनी हा अनुभव घेतलाय. मग कोणी प्लेट वाचवायला विजेचं संरक्षण वाढवतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की नळ्यांच्या टोकांत हायड्रोजन शिरतो. टायटॅनियम गंजत नाही, पण दुसऱ्याला गंजवतं, हे वाक्य कोणाच्या अहवालात आहे? हात वर करा. नाही ना.

शेवटचा भाग, कागदपत्रं. सगळ्यांनी टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, जोडलाय. एकानं तर "हँडहेल्ड मशीननं ग्रेड २ असल्याची खात्री केली" असं लिहून मशीनच्या पडद्याचा फोटो दिलाय. ते क्ष-किरणांचं यंत्र ऑक्सिजन बघूच शकत नाही. नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बनही नाही. ग्रेड १, २, ३ आणि ४ यांच्यात मुख्य फरक ऑक्सिजनचा आणि थोडा लोखंडाचा आहे. ग्रेड ५ आणि २३ यांच्यातही ऑक्सिजनचाच. म्हणजे जो फरक तुम्हाला तपासायचा होता नेमका तोच त्या यंत्राला दिसत नाही. पॅलेडियम आहे की नाही ते सांगेल, त्यासाठी वापरा. ऑक्सिजन आणि हायड्रोजनसाठी तुकडा कापून प्रयोगशाळेत वितळवावा लागतो. ते महाग पडतं, वेळ लागतो, म्हणून तुम्ही पडद्याचा फोटो काढलात.

कागदाचं काय होतं तेही ऐका. २०२४ च्या जूनमध्ये उघड झालं की बोइंग आणि एअरबसच्या काही विमानांत बनावट कागदपत्रांवर आलेलं टायटॅनियम बसलंय. संशय कशावरून आला? एका पुरवठादाराला धातूत गंजाची बारीक छिद्रं दिसली. "गंजत नाही" असं पाठ करून बसलेला माणूस ती छिद्रं बघून म्हणाला असता, डाग असेल. ज्यानं पाहिलं त्याला शंका आली आणि शंका आल्यावर त्यानं हीट नंबर, म्हणजे वितळवणीचा क्रमांक, मागे मागे नेला.

आणि खरे कागद असले म्हणून झोपायचं, असंही नाही. १९ जुलै १९८९, अमेरिकेतलं सू सिटी. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० च्या मधल्या इंजिनाचा टायटॅनियमचा फॅन डिस्क हवेत फुटला. २९६ जणांपैकी ११२ गेले. मूळ दोष इनगॉट वितळवताना राहिलेला, नायट्रोजननं कडक झालेला एक छोटासा डाग. तो डिस्कबरोबर घडवला गेला, लेथवर आला, तपासणीतून गेला, १७ वर्षं उडत राहिला. कधीतरी तिथून तडा निघाला आणि मधल्या तपासणीतही तो कोणाला दिसला नाही. तुमच्यासारखेच कोणीतरी तिथे सही करत होते. विमानासाठी म्हणून तेव्हापासून तीनदा वितळवण्याचा आणि कडक अल्ट्रासॉनिकचा आग्रह वाढला. तुम्ही ज्या फ्लँजवर "अल्ट्रासॉनिक: समाधानकारक" असं लिहिलंत, त्यात प्रोब कुठला, संदर्भ ठोकळ्यात भोक किती मिलिमीटरचं, काहीच नाही. समाधान कोणाचं झालं?

तुम्ही मठ्ठ नाही आहात. मठ्ठ असतात तर मी एवढं बोलले नसते, नापास करून चहा प्यायला गेले असते. तुम्ही आळशी आहात, आणि हा आळस तुम्हाला या धातूच्या नावलौकिकानं लावलाय. साधं पोलाद हातात दिलं असतं तर रंग, लेप, जाडीतली वाढ, गंजाचा भत्ता, सगळं तुम्ही मोजलं असतं. टायटॅनियम दिसलं आणि मोजणं थांबलं. महागडा धातू घेतला की विचार मोफत मिळतो अशी तुमची समजूत झालीय.

आता काय करायचं ते लिहून घ्या. फोनवर नाही, वहीत.

प्रत्येकानं आपल्या अहवालातलं एक वापराचं ठिकाण निवडायचं. एकच. तिथे द्रव कोणता, त्यात पाणी किती, क्लोराइड किती, तापमान नेहमीचं किती आणि कारखाना बंद पडल्यावर किंवा पंप थांबल्यावर किती, शेजारी धातू कोणता, गॅस्केट कशाचं, हे आधी लिहायचं. ग्रेड त्यानंतर. टायटॅनियम फोर्जिंगच्या बी-३८१ मानकाची प्रत ग्रंथालयात आहे, झेरॉक्स नको, तिथे बसून वाचायची. पहिल्या पानावर ते वाक्य पुन्हा दिसलं तर मी दुसरं पान उलटणार नाही.

ज्यांच्या भट्टीत पिवळी ज्वाला आणि १,२०० अंश होते, त्या दोघांनी आपल्या फ्लँजचे नाकारलेले तुकडे आणलेत. ते कापायचे, भरपूर कूलंट सोडून, सावकाश. कापताना धूर दिसला तर तुकडा बाद, दुसरा घ्यायचा. पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली काठावरचा पांढरा थर किती खोल आहे ते मोजायचं, मग काठापासून आत जात कडकपणाची नोंद घ्यायची आणि आलेख काढायचा. आत सुया दिसतात का तेही बघायचं. तुकड्याचा उरलेला भाग हायड्रोजनसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत जाईल, त्याचा खर्च तुम्ही दोघांनी अर्धा अर्धा द्यायचा. आणि ज्या फ्लँजवर तुम्ही उमेदवार म्हणून सही केलीत त्यांचे हीट नंबर मला आज संध्याकाळपर्यंत हवेत, म्हणजे माल कुठे गेला ते त्या कारखान्याला मीच फोन करून विचारीन.

एचिंगचं द्रावण माझ्यासमोर बनेल. हायड्रोफ्लोरिकची बाटली कोणी एकट्यानं उघडायची नाही, आणि ती उघडण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल टेबलावर दिसलं पाहिजे, मुदत तपासून.